जिनीव्हाच्या शेतांखालीं

स्वित्झर्लंडास जाणारे आपल्याकडील प्रवासी जें पाहतात तें आम्हींही पाहिलें. लेमान सरोवराचा कांठ, फुलांचें घड्याळ, जुन्या शहरांतील चढउतारांच्या दगडी गल्ल्या, आणि दुकानांच्या कांचांआड मांडलेलीं, किंमत विचारण्याचें धैर्य होऊं नये अशीं मनगटी घड्याळें, एवढें सारें दीड दिवसांत आटोपतें. २०२४ सालचा नोव्हेंबर महिना होता. ईशान्येकडून वाहणारा बीझ नांवाचा बोचरा वारा सुटला होता आणि सरोवरांतील तो सुप्रसिद्ध जलस्तंभ वाऱ्यामुळें बंद ठेवलेला होता. माँ ब्लाँचें शिखर धुक्यांत असल्यानें तेंही दिसलें नाहीं. पण आम्ही जिनीव्हास ज्यासाठीं गेलों होतों तें स्थळ शिखरांच्या व सरोवरांच्या यादींत नसतें. आणि तेथें गेलें तरी डोळ्यांना दिसण्यासारखें फार थोडें आहे.

शहराच्या वायव्येस जुरा पर्वताच्या पायथ्यापर्यंत सपाट शेतीचा मुलूख पसरला आहे. त्याचा थोडा भाग स्वित्झर्लंडांत, बराचसा फ्रान्समध्यें. द्राक्षांचे मळे, नांगरून ठेवलेलीं काळपट वावरें, गळ्यांत घंटा बांधलेल्या गाई, लहान लहान गांवें. या मुलखाखालीं, कोठें पन्नास तर कोठें पावणेदोनशें मीटर खोल, सत्तावीस किलोमीटर घेराचा एक वर्तुळाकार बोगदा आहे, आणि त्यांत जगांतील सर्वांत मोठें वेगवर्धक यंत्र, लार्ज हॅड्रॉन कोलायडर, बसविलेलें आहे. यंत्राची मालकीण संस्था सेर्न. दुसऱ्या महायुद्धानंतर होरपळलेल्या युरोपांतील बारा राष्ट्रांनीं एकत्र येऊन २९ सप्टेंबर १९५४ रोजीं तिची स्थापना केली. लष्करी कामाशीं संस्थेचा संबंध असणार नाहीं आणि तिचें संशोधन सर्वांस खुलें राहील असें तिच्या मूळ करारांतच नमूद आहे. आमच्या वडील पिढीस ‘अणुगर्भ’ हा शब्द हिरोशिमाच्या आठवणीवांचून ऐकतांच येत नाहीं, त्यांच्यासाठीं ही गोष्ट आरंभींच सांगितलेली बरी.

त्या पिढीच्या प्रतिनिधि म्हणून आमच्या आत्याबाई सोबत होत्या. वय एकोणऐंशी, कन्याशाळेंत तीस वर्षें पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. सून युरोपांत नोकरीस असल्यानें त्या तिच्याकडे आल्या होत्या, आणि ‘फळ्यावर ज्याचीं चित्रें काढलीं तें एकदां पाहिलें पाहिजे’ असा त्यांचा हट्ट होता. वास्तविक अणुगर्भ पाहावयास मिळत नाहीं हें त्यांना आमच्याहून अधिक चांगलें ठाऊक होतें. पण हट्टाला कारण लागतें असें कोठें आहे!

रेल्वे स्थानकापुढून अठरा क्रमांकाची ट्राम निघते आणि सुमारें वीस-पंचवीस मिनिटांत थेट सेर्नच्या दाराशीं आणून सोडते. रस्त्याच्या एका बाजूस लांकडाचा एक प्रचंड गोल, आणि रस्त्यावरून आडव्या टाकलेल्या दोन भल्या मोठ्या नळ्या. हें प्रदर्शनगृह २०२३ च्या ऑक्टोबरांत उघडलें. इटलीचे वास्तुशिल्पी रेंझो पियानो यांनीं तें रचिलें आहे. प्रवेशास पैसे पडत नाहींत. आंत मुलांचा गलबला अपार. मात्र रस्त्यापलीकडील मूळ वसाहत पाहतां एखाद्या जुन्या सरकारी कारखान्याची आठवण होते: रंग उडालेल्या इमारती, त्यांवर लावलेले आंकडे, सायकली. रस्त्यांना डेमॉक्रिटस, रदरफोर्ड अशा विद्वानांचीं नांवें दिलेलीं आहेत. पण रस्ता तोच, खांचखळग्यांचा. जगाच्या जडणघडणीचा शोध घेणारे लोक स्वतःच्या भिंतींना रंग देण्याविषयीं इतके उदासीन असावेत हें आम्हांला तरी आवडलें. वसतिगृहापाशीं दोन मीटर उंचीची नटराजाची मूर्ति आहे. ती भारत सरकारनें दिलेली असून २००४ च्या जून महिन्यांत तिचें अनावरण झालें. आपले लोक तिच्यापुढें उभे राहून छायाचित्रें घेतात आणि कांहींजण ‘हें सारें आमच्या पूर्वजांना ठाऊकच होतें’ असेंही म्हणून जातात. मूर्ति सुंदर आहे. तिच्यावर हा भार कशाला, असें आम्हांला वाटलें.

आम्हांला वसाहत दाखविण्यास आलेली मुलगी नाशिककडची निघाली. मुंबईच्या एका शिक्षणसंस्थेकडून ती येथें संशोधनासाठीं आली होती. दोन वाक्यें इंग्रजींत झालीं आणि आत्याबाईंचें लुगडें पाहून तिनें एकदम ‘आजी, तुम्ही कुठल्या?’ म्हणून विचारलें. त्यानंतर इंग्रजीचें कांहीं काम राहिलें नाहीं. बोगद्यांत मात्र उतरतां येणार नव्हतें. यंत्र चालूं होतें. वर्षाचे बहुतेक महिने त्यांत प्रोटॉन फिरवितात. शरद ऋतूच्या अखेरीस कांहीं आठवडे प्रोटॉन बाजूस ठेवून शिशाचे अणुगर्भ सोडतात. आम्ही गेलों तेव्हां तो शिशाचा हंगाम चालूं होता.

शिसेंच कां, असें आम्हीं विचारलें. तिनें सांगितलेलें आमच्या शब्दांत असें. शिशाच्या अणुगर्भांत ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन असतात. हे दोन्ही आंकडे असे आहेत कीं त्यांच्या योगानें कणांचे थर आंतून पुरते भरतात. म्हणून हा गर्भ मोठा असूनही जवळजवळ चेंडूसारखा गोल आणि फार स्थिर आहे. जड गर्भांत काय चालतें हें पाहावयाचें तर आरंभ अशा गुणी मुलापासून करावा. एका लहानशा भट्टींत शुद्ध शिसें तापवून त्याची वाफ करतात. त्या वाफेंतील अणूंचे कांहीं इलेक्ट्रॉन प्रथम काढून घेतात, मग त्यांस यंत्रामागून यंत्रांत वेग देत नेतात. वाटेंत पातळ पत्र्यांतून जातांना उरलेले इलेक्ट्रॉनही सोलले जातात. या सांखळींतील एक कडें १९५९ सालीं सुरू झालेलें आहे आणि आमच्या भेटीच्या वेळीं तें रोजच्या कामांत होतें. आजीबाईंचें जातें नातसुनेनें वापरावें तसें! त्यापुढें सात किलोमीटरचें कडें, आणि शेवटीं सत्तावीस किलोमीटरचें. या शेवटच्या कड्यांत १२३२ मोठे वक्र लोहचुंबक उणें २७१ अंशांपर्यंत थंड करून ठेवलेले आहेत, आणि त्यांच्या पोटांतून शिशाचे उघडे गर्भ प्रकाशाच्या वेगाच्या अगदीं जवळ जाऊन, कांहीं उजवीकडून आणि कांहीं डावीकडून, फिरत असतात.

या वेगाचा एक परिणाम चमत्कारिक आहे. आइन्स्टाइनच्या नियमाप्रमाणें धांवणारी वस्तु धांवण्याच्या दिशेनें आखूड दिसते. शिशाचा गोल गर्भ या वेगास अडीच हजार पटींहून अधिक चपटा झालेला असतो. म्हणजे समोरासमोर येतात त्या दोन गोळ्या नव्हेत, दोन अतिशय पातळ चकत्या. त्या एकमेकींतून आरपार जातात, आणि त्यांच्या मागें क्षणभर जो पदार्थ उरतो तो सूर्याच्या गाभ्यापेक्षां लाख पटींहून अधिक तप्त असतो. त्या उष्णतेंत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन वितळून जातात व त्यांच्या आंतील क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे होऊन एखाद्या द्रवासारखे वाहूं लागतात. विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या कांहीं लक्षांश सेकंदांत सर्वत्र असाच द्रव होता असें मानतात. तो पसरतो, निवतो, आणि त्यांतून हजारों कण चोहोंकडे उडतात. भोंवतालच्या उपकरणांत पडतात ते हे कण. गर्भ स्वतः केव्हांच नाहींसा झालेला असतो.

आत्याबाईंनीं येथपर्यंत सारें शांतपणें ऐकलें आणि मग त्यांच्या शिकविण्याच्या आवाजांत त्या म्हणाल्या, “मुली, हें भाषण चांगलें झालें. पण मला सांग, दोन लाडू एकमेकांवर आपटून तूं त्यांचा चुरा केलास. चुऱ्यावरून बेसन किती भाजलें होतें तें कळेल, तुपाचा अंदाज येईल. पण लाडू गोल वळला होता कीं चपटा, तो मूळचा किती मोठा होता, हें चुरा कसें सांगणार? आणि तूं तर म्हणतेस कीं लाडू वितळून त्याचें पाणी झालें!”

आम्ही मनांत म्हटलें कीं आतां ही मुलगी अडली. कारण खरा प्रश्न हाच आहे. एखादी वस्तु फोडून तिच्या घडणीविषयीं जें ज्ञान होतें तें फोडण्यापूर्वींच्या वस्तूचें कीं फोडण्याच्या क्रियेचें? या शंकेचें उत्तर देतां आलें नाहीं तर जमिनीखालचा तो सारा खटाटोप म्हणजे केवळ एक महाग आतषबाजी ठरेल.

अणुगर्भाचा शोधच मुळीं माऱ्यानें लागला आहे. १९०९ सालीं मँचेस्टर येथें रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेंत गायगर आणि मार्सडेन या दोघांनीं धातूच्या अतिशय पातळ पत्र्यावर आल्फा कणांचा मारा केला. बहुतेक कण आरपार गेले. पण हजारोंमध्यें एखादा कण उलट मागें फिरला. अणूचें सारें वजन त्याच्या मधोमध एका सूक्ष्म जागीं एकवटलें असल्यावांचून असें घडणार नाहीं, असा निष्कर्ष रदरफोर्डनीं १९११ मध्यें काढिला. पुढें स्टॅनफर्ड येथें हॉफस्टॅटर यांनीं इलेक्ट्रॉनांचा मारा करून गर्भांतील विद्युत्भार कसा पसरला आहे तें मोजलें आणि त्यांस १९६१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु या दोन्ही पद्धतींत गर्भ शाबूत राहतो. येथें तो शाबूत राहत नाहीं, आणि आत्याबाईंची हरकत नेमकी तीच होती.

मुलीनें खिशांतून कागद काढला आणि त्यावर दोन वर्तुळें अर्धवट एकमेकांवर येतील अशीं काढलीं. दोहोंचा जो सामाइक भाग होता तो बदामाच्या आकाराचा झाला. “आजी, दोन चकत्या मधोमध न आदळतां किंचित् बाजूनें आदळल्या कीं तप्त द्रवाचा थेंब असा बदामासारखा होतो. आतां बदामाच्या रुंदीच्या बाजूनें मधल्यापासून कडेपर्यंत अंतर थोडें, म्हणून त्या बाजूस दाबाचा उतार तीव्र. लांबीच्या बाजूस उतार मंद. मग द्रव कुठें जोरानें पळेल?”

“रुंदीच्या बाजूस,” आत्याबाई तत्काळ म्हणाल्या.

“म्हणजे त्या बाजूस अधिक कण मिळतील. आम्ही कण मोजतों आणि उलट हिशेब करून बदाम काढतों. द्रव जवळजवळ घर्षणावांचून वाहतो, म्हणून मूळच्या आकाराची आठवण तो विसरत नाहीं.”

हा पहिला टप्पा. पण बदाम हा आदळण्याच्या तऱ्हेचा आकार झाला, गर्भाचा नव्हे. गर्भाच्या आकारासाठीं अगदीं मधोमध झालेले आघात निवडून घ्यावे लागतात. गोल गर्भ मधोमध आदळले तर थेंब गोल व्हावा. तरीही तो लांबट निघाला तर लांबटपणा गर्भांतच होता असें समजावें.

याचें उत्तम उदाहरण शिशाचें नाहीं, युरेनियमचें आहे, आणि तें जिनीव्हाचेंही नाहीं. अमेरिकेंत न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत दुसरें एक कडें होतें. त्यांत २०१२ सालीं युरेनियमचे गर्भ एकमेकांवर आदळविले होते. त्यांच्या नोंदींवरून काढलेला निष्कर्ष आमच्या भेटीच्याच महिन्यांत ‘नेचर’ नियतकालिकांत प्रसिद्ध झाला होता आणि सेर्नच्या उपाहारगृहांत त्याची चर्चा होती. युरेनियमचा गर्भ न सोललेल्या नारळासारखा लांबट आहे. दोन नारळ समोरासमोर टोंकाशीं टोंक करून आले, तर थेंब गोल, लहान आणि फार दाबलेला होतो. त्यांतून कण अधिक जोरानें बाहेर पडतात. दोन्ही नारळ आडवे होऊन कुशीशीं कूस लावून आदळले, तर थेंब लांबट आणि मोठा होतो. कणांचा जोर कमी पडतो, पण एका बाजूस ते अधिक जातात. कोणता नारळ कसा येईल हें कोणाच्या हातीं नाहीं. पण लाखों आघात जमविले म्हणजे ‘लांबटपणा वाढला कीं जोर घटतो’ असा नियम उमटतो, आणि त्या नियमाच्या तीव्रतेवरून नारळ किती लांबट हें निघतें. शेजारीं तुलनेसाठीं सोन्याचे गर्भ आदळविलेले होतेच. ते बरेच गोल असल्यानें त्यांत हा नियम असा उमटला नाहीं. शिवाय युरेनियमचा नारळ लांबीच्या अक्षाभोंवतीं पुरता गोल नसून किंचित् दबलेला आहे असेंही दिसलें.

आत्याबाईंच्या शंकेचें जें उत्तर आम्हांला सर्वांत पटलें तें मात्र वेळाचें. लांबट गर्भ स्वस्थ असतो तेव्हां तो सर्व दिशांना एकाच वेळीं तोंड करून असतो असें क्वांटम शास्त्र सांगतें. सावकाश चालणाऱ्या पद्धतींनीं त्याकडे पाहिलें तर या सर्व दिशांची सरासरी दिसते. फिरणाऱ्या पंख्याचीं पातीं न दिसतां एक धूसर चकती दिसावी, तसें. गर्भास एकदां वळण्यास जो काळ लागतो, त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळांत हे आघात होऊन जातात. पंख्याची त्या क्षणाची स्थिति टिपली जाते. गर्भाचा नाश होतो हें खरें, पण तो इतक्या झटपट होतो कीं हालण्यास, सांवरण्यास, आकार बदलण्यास त्याला सवडच नसते. चुरा लाडवाविषयीं सांगतो तो यामुळें.

“म्हणजे फोडणें सावकाश झालें असतें तर खोटें ठरलें असतें,” आत्याबाई म्हणाल्या. “घाईमुळें खरें कळतें, असें मी प्रथमच ऐकतें आहें.” त्या संतुष्ट दिसल्या, पण पुरत्या नव्हे.

याच रीतीनें २०१७ च्या ऑक्टोबरांत सेर्न येथें कांहीं तासांपुरते झेनॉनचे गर्भ फिरविले आणि ते शिशाइतके गोल नाहींत असें आढळलें. आमच्या भेटीनंतर, २०२५ च्या जुलैंत, ऑक्सिजन आणि निऑन यांचीही पाळी आली. निऑनचा गर्भ धुण्याच्या मोगरीसारखा, एका अंगास बारीक, असावा असें भाकीत होतें. जे आंकडे मिळाले ते त्याशीं जुळणारे आहेत. परंतु हे गर्भ हलके. आमचा विषय जड गर्भांचा आहे, म्हणून पुन्हां शिशाकडे वळूं.

शिशाचा आकार गोल हें मान्य. मग त्यांत शोधावयाचें काय उरलें? उरली ती साय. न्यूट्रॉन प्रोटॉनांपेक्षां चव्वेचाळीसांनीं अधिक. ते सारे प्रोटॉनांत मिसळून बसत नाहींत. कांहीं कडेला सरकतात आणि दुधावर साय धरावी तशी न्यूट्रॉनांची एक विरळ कड गर्भावर धरते. ती किती जाड हें मोजणें मोठें कठीण, कारण न्यूट्रॉनास विद्युत्भार नाहीं आणि हॉफस्टॅटर यांच्या इलेक्ट्रॉनांना तो जवळजवळ दिसतच नाहीं. अमेरिकेंतील व्हर्जिनिया राज्यांतील जेफरसन प्रयोगशाळेनें एक अतिशय नाजुक युक्ति योजून इलेक्ट्रॉनांकडूनच तें मोजून घेतलें; २०२१ सालीं प्रसिद्ध झालेला त्यांचा आंकडा ०.२८ फेम्टोमीटर, त्यांत ०.०७ इकडेतिकडे. फेम्टोमीटर म्हणजे मीटरचे एकावर पंधरा शून्यें इतके भाग केले असतां त्यांतील एक भाग. २०२३ सालीं तिघां सिद्धांतकारांनीं जिनीव्हा येथील शिशाच्या आघातांच्या आंकड्यांवरून उलट हिशेब केला: साय जाड असेल तर चकत्यांची कड अधिक पसरट, थेंब मोठा, दाबाचे उतार मंद. त्यांचें उत्तर आलें ०.२२, इकडेतिकडे ०.०६.

आत्याबाईंनीं तिच्या कागदावर दोन्ही आंकडे लिहून घेतले, चुकीच्या मर्यादा जोडल्या, वजा केल्या, आणि त्या परस्परांवर पडतात हें पाहून मान डोलावली. “एकानें न फोडतां मोजलें, दुसऱ्यानें फोडून मोजलें, आणि दोघांची भेट झाली. आतां माझी हरकत नाहीं.” आमच्या मतें ही त्या दिवसांतील सर्वांत महत्त्वाची घटना होती. शंका घेणाऱ्यास दुसऱ्या वाटेनें आलेला साक्षीदार हवा असतो. यंत्र कितीही मोठें असलें तरी त्याची एकट्याची साक्ष पुरत नाहीं.

एवढ्या सूक्ष्म सायीचें करावयाचें काय, असें घरांतील वडील मंडळी विचारतील. आकाशांत न्यूट्रॉन तारे म्हणून जे तारे आहेत, सूर्याहून अधिक वजनाचे आणि तरीही एखाद्या शहराएवढे, ते किती मोठे असावे हें ज्या दाबावर ठरतें तोच दाब शिशाच्या गर्भांत ही साय बाहेर ढकलतो. साय जाड निघाली तर तारे मोठे, पातळ निघाली तर लहान. याउपर उपयोग विचारणाऱ्यांना येथील लोक बहुधा असें सांगतात कीं सर्व जगास जोडणारें वेबचें जाळें १९८९ सालीं सेर्नमध्येंच टिम बर्नर्स-ली यांच्या डोक्यांतून निघालें. तें खरें आहे, पण तें उत्तर नव्हे. शेजारच्या आंब्याची सांवली आपल्या अंगणांत पडते म्हणून कोणी आंबा लावीत नाहीं.

सोन्याची गोष्ट मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. दोन चकत्या पुष्कळदां आदळतच नाहींत, अगदीं जवळून निघून जातात. तरी त्यांच्या विद्युत्भाराचा परस्परांस इतका जबर धक्का बसतो कीं गर्भ थरथरतो आणि त्यांतून कांहीं कण गळून पडतात. एक प्रोटॉन गेला तर शिशाचें थॅलियम होतें, दोन गेले तर पारा, तीन गेले तर सोनें! परिसाच्या मागें लागलेल्या किमयागारांनीं शतकानुशतकें जें इच्छिलें तें येथें न मागतां घडत असतें. आदळण्याच्या जागेपासून शंभर मीटरांहून अधिक अंतरावर ठेवलेल्या उपकरणांनीं हे गळालेले कण मोजून ॲलिस या प्रयोगाच्या मंडळीनें २०२५ च्या मे महिन्यांत हिशेब जाहीर केला: २०१५ ते २०१८ या काळांत यंत्राच्या चारही मोठ्या प्रयोगस्थानीं मिळून सोन्याचे सुमारें ८,६०० कोटी गर्भ झाले. वजन २९ पिकोग्रॅम. आमच्या घरांतील जुन्या मापानें सांगावयाचें तर एक गुंज सोनें भरण्यास याच्या सुमारें चारशें कोटी पट लागेल. शिवाय तें टिकत नाहीं. क्षणार्धांत नळीच्या भिंतीवर किंवा आडव्या ठोकळ्यांवर आदळून त्याचे तुकडे होतात. ही बातमी आम्हीं आत्याबाईंना पाठविली तेव्हां त्यांचें उत्तर आलें: “सराफास कळवूं नये.”

दुपार कलल्यावर आम्ही बसनें सीमा ओलांडून फ्रान्समधील सँ-जनी-पुयी या गांवीं गेलों. सीमेवर कोणी विचारलें नाहीं. गांवाच्या कडेस तारेचें कुंपण, आंत करड्या पत्र्याच्या दोनचार शेडी, गाड्या उभ्या करण्याची जागा, पलीकडे शेत. ॲलिसचें स्थान तें हेंच. पायांखालीं छप्पन मीटरांवर सव्वीस मीटर लांब, सोळा मीटर उंच, दहा हजार टन वजनाचें तें उपकरण. त्याचा लाल अष्टकोनी लोहचुंबक आधींच्या एका प्रयोगासाठीं बांधलेला होता. तो मोडीत न काढतां नव्या संसारास घेतला. कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्रानें, भुवनेश्वर, जयपूर, जम्मू, चंडीगड येथील मंडळींसह, या उपकरणाचा एक भाग भारतांत घडवून दिला होता. मुंबईची आयआयटीही या प्रयोगांत सहभागी आहे. बोगद्यांतील जड लोहचुंबक ज्या आधारांवर केंसाएवढ्या अचूकपणें बसविले आहेत ते सुमारें सात हजार आधार भारतानें पुरविले, आणि त्या कामांत इंदूरच्या संस्थेचा मोठा वाटा होता. इंदुरांत आमचें आजोळ असल्यामुळें हें ऐकतांना आम्ही थोडे अधिक ताठ उभे राहिलों, हें सांगण्यास हरकत नाहीं.

वारा फार बोचत होता. आत्याबाईंनीं शाल डोक्यावरून घेतली आणि कुंपणापाशीं उभ्या राहून विचारलें, “आतां या क्षणीं खालीं चाललें आहे?”

“चाललें आहे, आजी. सेकंदास पन्नास हजारांपर्यंत आघात.”

त्या कांहीं वेळ जमिनीकडे पाहत राहिल्या. गवत, एक पत्र्याचा डबा, चिखलांत गाडीच्या चाकांच्या खुणा. कसलाही आवाज नाहीं, कंप नाहीं. शेजारच्या शेतांतला मनुष्य ट्रॅक्टर घेऊन घरीं चालला होता. त्यानें आमच्याकडे पाहून हात वर केला. इतक्यांत मुलीनें हातांतील फोन पाहिला. यंत्र कोणत्या अवस्थेंत आहे याची पाटी तेथें सदोदित दिसते. “अरेरे! बीम सोडून दिला,” ती म्हणाली. फिरून फिरून गर्भ कमी झाले कीं उरलेले ग्रॅफाइटच्या एका भल्या मोठ्या ठोकळ्यांत नेऊन विझवितात, आणि मग भट्टीपासून पुन्हां सारें भरावें लागतें. त्यांत कांहीं तास जातात.

“म्हणजे जेवणाची सुटी,” आत्याबाई म्हणाल्या. “चला, आपणही कुठें गरम कांहीं मिळतें का पाहूं.”